धुतलेली मुळं

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत बावीस वर्षं काढलेल्या बाईला डाग सहन होत नाही, यात नवल काही नाही. पण नीळमावशीचं प्रकरण जरा वरचंच होतं. कुणाच्या घरी गेली तरी तिची नजर आधी उशीच्या अभ्र्याकडे जायची. खालच्या गल्लीत राहणारी तिची नणंद म्हणायची, "वहिनी, चहाला ये, पण डोळे घरी ठेवून ये."

वॉर्डातल्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे कपडे, डॉक्टरांचे कोट. रक्त, पू, आयोडिन, ओकारी. सगळं तिच्या हाताखालून जायचं आणि पलीकडच्या दोरीवर लख्ख होऊन फडफडायचं. मशीन आलं तरी शेवटच्या पाण्यात ती स्वतःच्या हाताने नीळ घालायची. मशीनला पांढरं कळतं, शुभ्र कळत नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या नखांच्या कडा कायमच्या निळसर झाल्या होत्या, त्यावरून नाव पडलं. खरं नाव हजेरीपटात होतं. कधी कारकुनाने ते मोठ्याने वाचलं तर दोघी-तिघी वळून बघायच्या, ही कोण नवीन आली म्हणून.

रागीट म्हणाल तर होतीच. एकदा चादरीत राहिलेली सुई एका धुणारणीच्या तळहातात घुसली. हातमोज्यांची मागणी दोन वर्षं फायलीत झोपा काढत होती. मावशीने त्या चादरींचं गाठोडं उचललं, थेट व्यवस्थापकाच्या टेबलावर नेऊन सोडलं आणि म्हणाली, "यात अजून एखादी असेल साहेब. शोधा. आम्ही रोज शोधतो." पुढच्या आठवड्यात जाड रबरी हातमोजे आले. तेव्हापासून व्यवस्थापक तिला लांबून आदराने नमस्कार करायचा आणि जवळ आली की घड्याळ बघायचा.

इस्पितळ टेकाडावर, वस्ती उतारावर. वरचं सांडपाणी एका टाकीत साठायचं, तिथून पाइपाने खाली यायचं, ओढ्याला लागायचं आणि ओढ्याच्या काठावर वस्तीची विहीर होती. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही तोंड वाकडं करून. बाकी सगळा संसार विहिरीवर. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण पाणी दिसायला स्वच्छ होतं. टाकीत गाळ बसायचा, औषध कसलं बसतंय.

ते कळलं पाणीखात्याने विहीर तपासली तेव्हा. पंपाच्या खांबावर एक कागद चिकटवला होता. पाण्यात तीन औषधं सापडली होती: एक दुखण्यावरचं, एक फिटवरचं, एक जंतू मारायचं. प्रमाण इतकं बारीक की आकड्यात शून्यंच जास्त. वस्तीने आधी त्याची थट्टाच केली. कुणी म्हणालं, आता डोकं दुखलं की एक तांब्या प्यायचा, डॉक्टर कशाला हवा. नणंद म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना अजून काही फरक नाही. जरा घट्ट करून सोडायला सांगा."

मावशीचा नवरा चष्मा पुसून कागद वाचत होता. तो पूर्वी लेथवर होता. फिट यायला लागल्यावर मशीन सुटलं, आता घरीच कुलपं आणि छत्र्या दुरुस्त करायचा. रोज सकाळ-संध्याकाळ एक-एक गोळी, आणि त्या गोळ्यांच्या जिवावर अकरा वर्षं तो उभा होता. त्याने फिटवरच्या औषधाच्या नावावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "अगं, हे तर आपलंच."

ते मावशीच्या मनात घुसलं ते घुसलंच. म्हणजे वॉर्डातल्या दोनशे खाटांवर जे-जे गिळलं जातं, त्यातलं शरीर ठेवतं तेवढं ठेवतं आणि उरलेलं खाली सोडतं. कुणी मुद्दाम करत नाही. नवऱ्याची गोळी तर बंद करायची नव्हतीच. पण वस्तीतल्या तान्ह्या पोरांनी, पोटुशा बायकांनी, धडधाकट म्हाताऱ्यांनी ती का प्यायची? त्यांना कुणी विचारलं होतं?

हेच तिने वस्ती आणि इस्पितळवाल्यांच्या एकत्र सभेत विचारलं. पाणीखात्याचा अधिकारी म्हणाला, एवढ्या प्रमाणाने कुणाला काही होतं असं सिद्ध झालेलं नाही, काळजीचं कारण नाही.

"होत नाही असं सिद्ध झालंय का?" मावशी म्हणाली.

अधिकाऱ्याने कागद चाळले.

"मग असं करते," मावशी म्हणाली, "तुमच्या टेबलावरचा जग उद्यापासून आमच्या विहिरीवरून भरून आणत जाते. काळजीचं कारण नाहीच तर."

सभा हसली. अधिकारी हसला नाही. मागच्या बाकावर बसलेली त्याच्याच खात्यातली एक पोरगी मात्र फिसकन हसली आणि मग खोकल्याचं नाटक करायला लागली. ही रसायनं तपासणारी पोरगी. सदा बाटल्यांचा क्रेट घेऊन फिरायची म्हणून वस्तीने तिला बाटलीमॅडम करून टाकलं होतं. तिनेच उठून सांगितलं की मोठं यंत्र बसवायची ऐपत नसेल तर एक साधा उपाय आहे: खडीचा वाफा. मांडीएवढा खोल खड्डा, खाली जाड प्लास्टिक, वर खडी, खडीत पाणकणीस, देवनळ अशी पाणथळीतली झाडं लावायची. टाकीतलं पाणी एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. वरून दिसणारसुद्धा नाही, खडीतून आणि मुळांमधून वाट काढत जाईल. काम झाडं करत नाहीत, त्यांच्या मुळांपाशी राहणारे जंतू करतात. झाड पानांतून हवा खाली पोचवतं, मुळांतून थोडं गोड पाझरतं, त्यावर हे जगतात आणि जोडीला पाण्यातलं औषधही फोडून खातात.

"म्हणजे भाडेकरू," मावशी म्हणाली.

"भाडेकरूच. काम करून भाडं फेडणारे."

सभेत माणसं बघत असल्यामुळे व्यवस्थापकाला नाही म्हणता येईना. लॉन्ड्रीमागची मोकळी जागा त्याने गाड्या लावायला धरून ठेवली होती, ती एक वर्षासाठी दिली. अटही घातली, आणि ती कागदावर घेतली. वर्ष संपताना नमुना तपासायचा. दुखण्यावरच्या औषधाचे आत शंभर भाग जात असतील तर त्यातले साठ तरी वाफ्यात संपले पाहिजेत. साठ नाही, तर वाफा बुजवून डांबर. विहिरीचं मग जसं चाललंय तसं. आणि वाफ्याकडे लक्ष कोण देणार? "लॉन्ड्रीला लागूनच आहे," व्यवस्थापक म्हणाला, "मावशी बघतील."

वरच्या कामावर वरचं काम, तेही फुकट. दुसरी असती तर हात झटकले असते. मावशी म्हणाली, "बघते."

आणि तिने बघितलं. खडी वस्तीने वाहिली. पाणकणीस ओढ्यातून उपटून आणलं, देवनळ तलावाकाठचा. साडेतीनशे रोपं. पाणी सोडायची चावी नवऱ्याने जुन्या पितळी नळातून बनवली, अशी की एक आटा फिरवला की धार किती बारीक होते ते आकड्याने कळावं. मावशी सकाळी चादरी भिजवायच्या आधी वाफ्याला फेरी मारायची, दुपारी डबा तिथेच खायची. पिवळं पान दिसलं की तोडायची. चौथ्या महिन्यात बाटलीमॅडमने नमुना घेतला तेव्हा शंभरातले एक्कावन्न गेले होते. आठव्या महिन्यात त्रेसष्ट. फिटवरचं औषध मात्र भलतंच चिवट निघालं, शंभरातले दहाच गेले. मॅडम म्हणाली, ते सगळीकडेच छळतं. नवरा म्हणाला, "मलाही अकरा वर्षं सांभाळलंय त्याने. चिवट असणारच."

त्रेसष्टच्या आकड्याने मावशीची मान ताठ झाली. ती लॉन्ड्रीत कुणालाही थांबवून सांगायची. बाळंतिणीच्या वॉर्डातल्या आयेला तर तीन वेळा सांगितलं.

दहावा महिना सरता सरता वाफा तुंबला.

पाणी आत मुरेना, वर साचायला लागलं, त्यावर मळकट साय धरली आणि वास सुटला. वारा नेमका वर जाणारा. विश्वस्तांच्या बैठकीच्या खोलीची खिडकी वाफ्यावरच उघडायची. व्यवस्थापक रुमाल नाकाशी धरून खाली आला. "मावशी, हे काय आहे? आठ दिवसांत हा वास गेला पाहिजे. नाहीतर वर्ष पुरं व्हायची वाट कशाला बघायची."

बाटलीमॅडम परीक्षेसाठी पंधरा दिवस परगावी. फोन बंद. मावशीने वाफ्यात हात घातला, एक रोप उपटलं. मुळांच्या जुडग्यावर तपकिरी, बुळबुळीत थर. बोटांना सुटत नव्हता. बावीस वर्षं जे तिने हाकललं होतं, नेमकं तेच इथे तिच्या राखणीत जमून बसलं होतं. ती खजील झाली. आपण वरची पानं तोडत बसलो, खाली मात्र घाण साठली, असं तिला वाटलं.

जंतूंची गोष्ट ती विसरली नव्हती. पण तिच्या डोक्यात ते मुळांच्या आत होते, हाडात मज्जा असते तसे, सुरक्षित. हा बाहेरचा चिकटा म्हणजे मळ. आणि मळाचं काय करायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दोन धुणारणी सोबत घेतल्या. चार दिवस. साडेतीनशे रोपं एकेक करून उपटली, लॉन्ड्रीच्या मोठ्या हौदात ब्लीच घातलं, त्यात मुळं बुडवली, अंगठ्याने चोळली, दोन पाण्यांतून काढली. खडीसुद्धा पाट्या भरभरून तशीच धुतली. शेवटी मुळं नव्या दोऱ्यासारखी पांढरी झाली. मावशीने सगळं परत जागच्या जागी लावलं, रांगेत, दोरी धरून. पाणी झरझर मुरायला लागलं. वास गेला. व्यवस्थापक दोन विश्वस्तांना घेऊन आला, वाफ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि जाता जाता म्हणाला, "असं काम पाहिजे." तेवढ्या एका वाक्यावर ती आठवडाभर तरंगत होती.

मॅडम परत आली, नमुना घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी लॉन्ड्रीच्या दारात येऊन उभी राहिली. क्रेट नव्हता हातात.

"मावशी, आत शंभर, बाहेर अठ्ठ्याण्णव."

"म्हणजे?"

"म्हणजे वाफा काहीच करत नाहीये."

दोघी वाफ्यावर गेल्या. मॅडमने कडेचं एक रोप हलक्या हाताने वर काढलं. ती मुळांकडे बघतच राहिली.

"हे कुणी धुतलं?"

"मी. का? कशी दिसतायत बघ."

"कशात?"

"ब्लीचमध्ये. दोनदा. मळ केवढा होता तुला माहीत नाही."

मॅडम खाली खडीवरच बसली. मग तिने सांगितलं. तो मळ नव्हता. तो थर म्हणजेच ते भाडेकरू, मुळांना बाहेरून चिकटून, एकमेकांना धरून राहिलेले. दहा महिन्यांत त्यातले हे औषध खाऊ शकणारे तेवढे तगले, वाढले. वाफा तुंबला होता तो पाणी आत शिरतं त्या तोंडाशी; तिथली हातभर खडी बदलली असती तरी भागलं असतं.

मावशीच्या कानशिलात कुणी मारावी तसा तिचा चेहरा झाला. आणि तिच्या स्वभावाप्रमाणे आधी आला तो राग.

"मग सांगितलं का नाहीस? पाटी लाव ना, मुळं धुऊ नका म्हणून. पानं तोडा सांगितलंस, चावी फिरवा सांगितलंस, हे का नाही?"

"कुणी मुळं ब्लीचमध्ये धुईल असं माझ्या स्वप्नात तरी येईल का, मावशी?"

"तू माझ्याकडे वाफा दिलास. लॉन्ड्रीवालीकडे. स्वप्नात यायला हवं होतं."

वाद तिथेच संपला, कारण दोघींनाही माहीत होतं की तो भलत्याच गोष्टीवर चाललाय. वर्ष पुरं व्हायला चौतीस दिवस होते. थर नव्याने धरायला मागच्या वेळी चार महिने लागले होते.

मॅडमने हळू आवाजात म्हटलं, "या महिन्याच्या अहवालात मी 'तांत्रिक कारण' असं लिहिते. तुमचं नाव येणार नाही."

मावशी तशीच निघाली. घरी नणंद बसली होती, तिने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "तोंडाला कुलूप लाव. नवऱ्याकडे घरातच पडलीयेत ढीगभर. त्या साहेबाला कळलं तर उद्याच डांबर ओतेल, आणि तुझी नोकरी जाईल ती वेगळीच." नवरा कुलपात तेल घालत होता. तो म्हणाला, "आधी वाफा जगव. तोंडाचं नंतर बघ." मावशीला ते पटलं. तिला त्या वेळी तेवढंच पेलवत होतं.

दुसऱ्या दिवशी ती चादरी पिळताना विचार करत होती, तेही लॉन्ड्रीवालीच्याच रीतीने. हट्टी डाग कुठे सापडतो? जिथे तो सर्वांत जास्त दिवस राहिला असेल तिथे. मग हे जंतू कुठे असतील? जिथे हे पाणी सर्वांत जास्त वर्षं वाहिलंय तिथे.

बॉयलरच्या खोलीमागे एक जुनं उघडं गटार होतं. टाकी बांधायच्या आधी वॉर्डांचं सगळं पाणी त्यातून जायचं, अजूनही एक फुटका पाइप त्यात ठिबकायचा. वीस-बावीस वर्षांचा काळा चिखल आणि त्यात आपोआप उगवलेलं पाणकणीस, पुरुषभर उंच. ते गटार साफ करा म्हणून मावशीने सात अर्ज दिले होते. सातही अर्जांकडे कुणी बघितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कचेरीतल्या आळसाचे आभार मानावेसे वाटले.

तिने मॅडमला गटारापाशी आणलं. "इथले भाडेकरू चालतील का?"

मॅडमने वाकून बघितलं. तिचे डोळे बारीक झाले. "चालायला पाहिजेत. वीस वर्षं हेच खातायत. पण खात्री नाही देत."

"खात्री मागतंय कोण. किती न्यायचा?"

"जमेल तेवढा. मुळांसकट. पण मोजे, बूट, तोंडाला फडकं. हा इस्पितळाचा चिखल आहे."

लॉन्ड्रीच्या दोन ट्रॉल्यांना आतून प्लास्टिक लावलं. दुपारच्या सुट्टीत मावशी गुडघाभर बूट घालून गटारात उतरली. पहिल्या खोऱ्याला तिला उलटी आली. दुसऱ्याला ती शिवी हासडून पुढे सरकली. चौथ्या दिवशी नणंद आली, मागे वस्तीतल्या सहा बायका. नणंद कडेला उभी राहून म्हणाली, "बावीस वर्षं माझ्या अभ्र्यांना नावं ठेवलीस. हे बघायला तिकीट लावलं असतं तरी आले असते."

"बघायला आलीस की उतरायला?"

"उतरतेय ना. बूट दे."

चिखल थोडा-थोडा करून प्रत्येक रोपाच्या बुडाशी खडीत दाबला. पुढच्या रांगांतली धुतलेली रोपं काढून गटारातली मुळांसकट लावली. तोंडाशी मोठे दगड टाकले, पुन्हा तुंबू नये म्हणून. मग मावशीच्या लक्षात आलेली गोष्ट सर्वांत अवघड होती. लॉन्ड्रीचं स्वतःचं ब्लीचचं पाणी त्याच टाकीत जात होतं. जुना थर दणकट होता, त्याने ते सोसलं असेल. हा नवा सोसणार नाही. तिने ब्लीच अर्ध्यावर आणलं आणि त्याचं पाणी दोन मोठ्या पिंपांत उन्हात दोन-दोन दिवस उघडं ठेवून मग सोडायला लागली. चादरींवर किंचित पिवळट झाक राहायला लागली. मुख्य नर्सने एक चादर उजेडात धरून विचारलं, "मावशी, तब्येत बरी आहे ना?" मावशीने दात खाऊन सांगितलं, "उकळून काढल्यात. जंतू नाहीत. फक्त दिसायला तशा." हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं यावर तिचा विश्वास बसेना.

दर दोन दिवसांनी ती एक मूळ वर काढून बघायची. आधी काही नाही. मग बोटाला जरा ओशट. तेराव्या दिवशी मुळांवर विटकरी मऊ थर दिसला, आणि ही बाई, जिला अभ्र्यावरचा तेलकट डाग बघवत नसे, तो थर अंगठ्याने हलकेच चाचपत दहा मिनिटं उकिडवी बसून राहिली.

शेवटचा नमुना घेतला गेला. निकाल विश्वस्तांच्या बैठकीतच उघडायचा होता. टेबलाच्या एका टोकाला व्यवस्थापक, मधे पाच विश्वस्त. त्यांत एक म्हाताऱ्या हाडांच्या डॉक्टरीणबाई, निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या. मॅडम कागद घेऊन उभी. मावशी आणि नणंद भिंतीला लागून खुर्च्यांवर. वस्तीची बाकी माणसं खाली फाटकाशी.

मॅडमने वाचलं. "सत्तेचाळीस."

साठ नव्हते.

व्यवस्थापकाने चेहऱ्यावर दुःख आणलं. "प्रयत्न प्रामाणिक होता, यात वाद नाही. पण अट लेखी आहे. आणि वर्षभराचे आकडे बघा. एक्कावन्न, त्रेसष्ट, मग एकदम दोन, मग सत्तेचाळीस. कधी चालतो, कधी बंद पडतो. अशा लहरी गोष्टीवर जागा अडकवून ठेवणं मला पटत नाही."

"दोन कशामुळे झाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मॅडमने कागदात पाहिलं. "तांत्रिक कारण," ती म्हणाली.

"कुठलं?"

नणंदेने मावशीचा दंड घट्ट धरला. त्या पकडीत सगळं होतं: नोकरी, नवऱ्याच्या गोळ्या, चौतीस दिवसांची ओढाताण. मावशीला कळत होतं की बसून राहिलं तर नोकरी वाचेल. आणि हेही कळत होतं की बसून राहिलं तर वाफा लहरी ठरेल आणि दुपारपर्यंत बुजेल. तिने नणंदेची बोटं एकेक करून सोडवली आणि उठली.

"कारण मी आहे. मुळं मी धुतली. ब्लीचमध्ये, दोनदा. वास मारतंय म्हणून साहेब ओरडले होते, पण धुवा असं कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं डोकं. काम करणारे जंतू त्या चिकट्यातच होते आणि मी सगळे मारले. या पोरीने माझ्यासाठी तांत्रिक लिहिलं. तिचं चुकलं, माझं जास्त चुकलं."

व्यवस्थापक पुढे वाकला. "म्हणजे विनापरवानगी..."

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेले, मग सत्तेचाळीस कुठून आले?"

मावशीने गटाराचं सांगितलं. ट्रॉल्या, चिखल, पिंपं, पिवळ्या चादरी, सगळं. लपवायचं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे आवाज आपोआप चढला. "तुमचा वाफा लहरी नाही. त्याला भाडेकरू असले की चालतो, मारले की बंद पडतो. आता परत चालायला लागलाय. एक महिनासुद्धा झालेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी मॅडमकडे पाहिलं. "किती दिवसांत दोनचे सत्तेचाळीस?"

"चिखल घातल्यापासून सव्वीस," मॅडम म्हणाली. "पहिल्या वेळी एक्कावन्नला चार महिने लागले होते."

"मग हे आधी का नाही लिहिलंत? या सगळ्या फायलीत वाफा काम करतो याचा खरा पुरावा एवढाच आहे, आणि तुम्ही त्यावर तांत्रिक कारण लिहून ठेवलंत." मॅडमची मान खाली गेली. डॉक्टरीणबाई बाकीच्यांकडे वळल्या. "काढलं तर थांबतं, घातलं तर चालतं. मी चाळीस वर्षं औषधं अशीच पारखली. सहा महिने द्या. साठ तेव्हा बघू."

एका विश्वस्ताने गाड्यांचा प्रश्न काढला. दुसरा म्हणाला, गाड्या फाटकाबाहेर लागतातच की. हात वर झाले. पाचांतले तीन. सहा महिने मिळाले.

व्यवस्थापक मात्र रिकाम्या हाताने परत जाणारा नव्हता. त्याने तिथल्या तिथे मेमो टाइप करून घेतला. इस्पितळाच्या मालमत्तेचे विनापरवानगी नुकसान, ब्लीचचा गैरवापर, सक्त ताकीद. मावशीपुढे सही करायला ठेवला. नणंद कुजबुजली, "वाचून सही कर." मावशीने दोनदा वाचला.

"खरं आहे. करते सही," ती म्हणाली. "पण अर्धंच लिहिलंय. चिखल परत घातला ते कुठंय?"

"मेमोत तसं नसतं, मावशी. मेमो फक्त चुकीबद्दल असतो."

"मग ते मी लिहिते."

"अहो, अशी सोय नाही—"

पण तिने पेन उचललं होतं. मोठ्या, एकमेकांपासून फटकून राहणाऱ्या अक्षरांत तिने सहीच्या वर लिहिलं: मुळं धुतली हे खरं. नंतर जुन्या गटारातला चिखल आणून परत लावली. सव्वीस दिवसांत सत्तेचाळीस. यापुढे मुळं कुणीही धुवू नयेत, मीसुद्धा. त्याखाली सही केली, तारीख घातली, आणि कागद त्याच्याकडे न देता डॉक्टरीणबाईंपुढे सरकवला.

"याची एक प्रत वाफ्यापाशी लावायचीय," ती म्हणाली. "पावसाने भिजणार नाही अशी करून द्या."